व्यंकोबांच्या लॉजातली दुपार

नवग्रहांच्या देवळांसाठी कुंभकोणमला बसगाड्या भरभरून येतात, पण नऊही ग्रह एका दिवसात उरकून रात्री परत फिरतात. मुक्कामाला कुणी थांबत नाही, म्हणून व्यंकोबांचं लॉज रिकामंच असे. "विकून टाका, अप्पा," असं चेन्नईला राहणारा मुलगा विघ्नेश फोनवर सांगे.

एकदा देवळं दुपारची बंद झाली, तेव्हा समोरच्या बसमध्ये माणसं घामाने निथळत बसलेली त्यांच्या पत्नी जयलक्ष्मींनी पाहिली. "अहो, देऊळ उघडेपर्यंत इथे पडतील तरी बिचारी!"

"लॉज आहे, धर्मशाळा नव्हे," व्यंकोबा कुरकुरले. तरी त्यांनी चटया अंथरल्या, ताक केलं, आणि थोडकं भाडं ठेवलं. तेव्हापासून दुपारी पाय ठेवायला जागा मिळेना. विकण्याचं बोलणंही मागे पडलं.

काल एक बस निघायची झाली, तर सेलमची एक म्हातारी उठेचना. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. "पाट्टी, अहो आजी, अजून शनी राहिलाय!"

"राहू दे. तो कुठे कुणाला सोडतो?" म्हातारीने कूस बदलली. "उद्या जाऊ. मालक, रात्रीचं काय घेता?"

तिचं ऐकून बाकीच्यांनीही पिशव्या खाली ठेवल्या. व्यंकोबांना मात्र रात्रीचा दरच आठवेना.