ज्वारीत उगवलेला हरभरा

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं गाव ओस पडतं. जो तो आपापल्या रानात जातो, कडब्याची कोपी उभारतो, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतो आणि येईल त्याला आंबील, भज्जी, उंडे खाऊ घालतो. लहानपणी हा सण आम्ही दुसऱ्याच्या रानात केला. बा सालगडी. मालकाची कोपी तोच बांधायचा, आंबिलीचं मडकं माय डोक्यावर न्यायची आणि जेवायला आम्ही शेवटी. पोटभर मिळायचं, खोटं कशाला बोलू. पण मायला स्वतःची कोपी हवी होती.

रान अजिबातच नव्हतं असं नाही. मांजरेच्या काठाला आज्याचा एक पट्टा पडून होता, वेड्या बाभळींनी भरलेला. मी निलंग्याच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी.ए. झाले, घराण्यात पहिली. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी तो पट्टा मोकळा केला. आणि भादव्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले, रान पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं तेव्हा बांध नाही, हद्दीचं बोरीचं झाड नाही. नुसता काळा गाळ, इकडून तिकडं सारखा.

"पोरी, तू भुगोल शिकलीस नव्हं?" बा म्हणाला. "सांग, आपलं रान कुठून कुठवर हाय?"

मला सांगता येईना. नकाशात नदी म्हणजे निळी रेघ. इथं ती रेघच सरकलेली. शेवटी बानं अंदाजानं ज्वारी पेरली. त्याच आठवड्यात शेजारच्या रानातल्या आप्पांनीही अंदाजानंच हरभऱ्याचा ट्रॅक्टर फिरवला. मधल्या पट्ट्यात दोन्ही उगवलं. ज्वारीत हरभरा की हरभऱ्यात ज्वारी, यावरूनच भांडण.

"आप्पा, आमच्या रानात काय करायलात?" बानं विचारलं.

"तुझं रान? ते गेलं की नदीसंगं कर्नाटकात वाहून. जा, कन्नड शीक आन् मागून आण."

बा हसला नाही. एवढा पट्टा गेला तर पुन्हा मालकाचीच कोपी, हे त्याला कळत होतं. मी मात्र पार गोंधळले. आप्पा खोटं बोलत नव्हते, बासुद्धा नाही. जो जिथं बोट दाखवील तिथली हद्द मला खरी वाटायची.

येळवस आली. मायनं कडब्याच्या पेंढ्या उचलल्या आणि थेट त्या मधल्या पट्ट्यात कोपी रोवली. थोड्या वेळानं आप्पांची मंडळीही मडकं घेऊन तिथंच हजर.

"बसा आप्पा," माय म्हणाली. "आधी जेवा, मग भांडू."

"जेवतो. पर कुणाच्या रानात जेवायलो, ते सांग."

"ते मोजणीवाला सांगंल. आंबील तर माझी हाय ना?"

आप्पांनी दोन वाट्या संपवल्या, मीठ कमी हाय म्हणाले आणि तिसरी मागितली. मग बाला म्हणाले, "मागव मोजणी. निघंल ते निघंल. मी येतो सही करायला."

मोजणी झाली. आमच्या रानाचा एक कोपरा नदीतच निघाला. म्हणजे आहे आमचा, पण पाण्यात. हे आपलं असणं कसलं, मला अजून उमगलेलं नाही. मधला पट्टा मात्र आमचा निघाला. आप्पांनी आपला हरभरा उपटून नेला, आम्ही ज्वारी काढली, हद्दीला दगड बसले. बानं सालगडीपण सोडलं. आता येळवसेची कोपी आमच्या रानात असते आणि पहिली वाटी आप्पांची.