आईने सांगितलं, वाट नाही

आमच्या आणि काकीच्या परड्यांमधली वई दर वर्षी दिवाळी झाली की नव्याने बांधली जायची. पावसात जुनी कुजून आडवी झालेली असे. मग काटेरी फांद्या तोडून आणायच्या, खुंट पुरायचे, काथ्याने आवळायचं. अर्धी वई आमची, अर्धी त्यांची, आणि दोन्ही अर्ध्या जिथे भेटत तिथे बेडा. म्हणजे दोन खांब आणि त्यांच्या भोकांतून आडवे सरकवलेले बांबू. गुरांनी येऊ नये, माणसांनी यावं. कुंपणाचा आमच्या गावातला हा एकच नियम मला ठाऊक होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हतं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, आईची जाऊ. दोघींचेही नवरे गेले. दुपारची भांडी आवरली की दोघींपैकी एक जण बांबू सरकवून पलीकडे जायची. मग पानाचा डबा उघडायचा. थोडी गावाची निंदा, थोडी सुनांची. माझ्या बायकोचीही होत असणार, मी कधी विचारलं नाही. काकीला अलीकडे जवळजवळ ऐकूच येत नाही. फोन तिच्या कानाला लावून उपयोग नाही. पण आईच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळतं. मी बोललो की "काय म्हणता गो ह्यो?" म्हणून ती आईलाच विचारते. आईचे गुडघे गेलेत. बेड्यातून काकीची पडवी समोर दिसते. रस्त्याने जायचं तर देवळापर्यंतचा चढ चढून पलीकडे पुन्हा उतरायला हवं, आणि ते आता आईच्याने होत नाही. त्या बेड्यावर दोन म्हाताऱ्यांची अख्खी दुपार टेकलेली होती.

काकीच्या मुलाने पर्यटकांसाठी खोल्या बांधायला घेतल्या. तारकर्लीला झालं ते आपल्याकडे का होऊ नये, हे त्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काय? पोरगा वाईट नाही. माझ्या आईसाठी शहाळी पाठवतो. पण एक दिवस येऊन ओट्यावर बसला आणि मान वर न करता म्हणाला, "दादा, वई काढून चिऱ्यांची भिंत घालूची आसा. चारय बाजू बंद व्हयेत म्हणतत, त्याशिवाय खोल्यांका परवानगी नाय. माका काय हौस आसा?"

मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथे मला कळलं की कुंपणाला खरोखरीचे नियमही असतात. भिंत हद्दीवरच हवी. एवढ्याच उंचीची हवी. फाटक सार्वजनिक रस्त्यावर उघडायला हवं, शेजाऱ्याच्या परड्यात नाही. मात्र जिथे वहिवाटीची वाट असेल तिथे ती अडवता येत नाही. मी खुर्चीत सावरून बसलो. आमच्याकडे वाट होतीच की! पण ती वाट पाहणीच्या वेळी वापरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायची होती. परडं आईच्या नावावर, तेव्हा सांगायचं आईने. माझं बोलणं धरणार नव्हते.

आदल्या दिवशी मी तिला चारचारदा बजावलं. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी हय्यसून जातंय, ही माझी वाट आसा, माझो हक्क आसा. इतक्याच बोल." तिने हूं म्हटलं. मला बरं वाटलं.

पाहणीला माणसं आली तेव्हा आईने ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं. पलीकडे काकी बेड्याच्या खांबाला धरून उभी. अधिकारी भला माणूस होता. त्याने प्रश्न अगदी तोंडात घास भरवावा तसा विचारला. "आजी, इथून तुमची नेहमीची वाट आहे ना? तुम्ही तिचा हक्क सांगता ना?"

आईचा चेहरा बदलला.

"हक्क कसलो?" ती म्हणाली. "ती माझी जाव. मी तिच्याकडे जातंय, ती माझ्याकडे येता. घरातल्या घरात कसली वाट नि कसलो हक्क?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं. "म्हणजे इथे वाट आहे असं लिहू ना?"

"वाट नाय," आई ठासून म्हणाली.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे वाट सांगणं म्हणजे वैर सांगणं. वाटेवरून कोर्टात गेलेली आणि एकमेकांच्या मयतालाही न गेलेली घरं गावात आहेत. चार माणसांसमोर, काकीच्या देखत तिच्या जमिनीवर हक्क सांगायचा, तर मग ती जाऊ कसली राहिली? आईने काकीची अब्रू राखली. मी मात्र तिथल्या तिथे हात चोळत उभा. मला आईचा असा राग आला की सरबताचा पेला उचलून आपटावासा वाटला.

एक आशा उरली होती. अधिकाऱ्याने काकीला विचारलं. प्रश्न तिला ऐकू गेला नाही. तिने सवयीने आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आईने तिला समजावून सांगितलं. काकी हसली.

"वाट? नाय ओ. ती घरातली बाय. तिका वाट कित्याक व्हयी?"

काकीचा मुलगा दुसरीकडे बघत होता. अधिकाऱ्याने नाइलाजाने लिहिलं आणि दोघींचे अंगठे घेतले.

भिंत चढायला लागली. पहिले काही थर दोघींना मौजेचे वाटले. पान वरून द्यायचं, चुना वरून घ्यायचा. चिरे गळ्यापर्यंत आले तेव्हा आई पाटावर उभी राहून बोलायची आणि मी मागून तिला धरायचो. मग पाटही पुरेना. मी पुन्हा ग्रामपंचायतीत गेलो, काही करता येईल का विचारायला. सगळे हळहळले. नियमात कुठे बसेना. काकीचा मुलगा म्हणाला, "दादा, येत्या रविवारी तुझ्या आवशीक गाडीत्सून आमच्याकडे घेवन जातंय." रविवारी त्याच्याकडे पाहुणे होते. मी एकदा स्वतः आईला रिक्षाने नेलं. तिथे ती परक्यासारखी खुर्चीच्या कडेला बसली आणि लगेच घरी चल म्हणाली.

काल तिला म्हटलं, त्या दिवशी एक शब्द बोलली असतीस तर. ती भिंतीला टेकून पान लावत होती.

"त्यांनी वाट इचारली," ती म्हणाली. "ती माझी कोण, ह्यां कोणी इचारूक नाय."

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून काकीची हाक आली. "आसस गो?"

"आसंय!" आई ओरडली.

मग पुन्हा, तितक्याच मायेने, "गो, आसस मां?"

"आसंय गो, आसंय!" आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. मीही ओरडलो. पलीकडे काकी पुन्हा विचारत होती.