पलूसला ‘वाळली’ म्हणजे वाळलीच

जानेवारीत पलूसला जायचं ठरलं ते हौसेनं नव्हे. माझी मुलगी सानिका, अकरावीतली, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सरळच सांगितलं, की ही मुलगी जेवत नाही, हिला समुपदेशकाकडे न्या. तिथली वेळ मिळाली दोन आठवड्यांनंतरची. नवरा म्हणाला, तोवर अक्काकडे घेऊन जा, चार दिवस हवापालट होईल. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सांगली जिल्ह्यात पलूसला दिलेली. तिच्या हातचं खाऊन पोरगी सुधारेल असं मलाही वाटलं. आपली चूक दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दुरुस्त होते हा माझा जुना भ्रम.

पुण्याहून सहाला निघालात तर खंडाळ्यापर्यंत रस्ता मोकळा मिळतो. (लोणावळ्याचा नाही, सातारा जिल्ह्यातला खंडाळा.) घाटाआधी चहा घेतला. मी बिनसाखरेचा सांगितला, सानिकानं काहीच नाही. ‘मी घरी खाल्लंय’ म्हणाली. घरी तिनं काय खाल्लं होतं ते मला माहीत होतं, अर्धं सफरचंद. पण ‘मी घरी खाल्लंय’ हे वाक्य माझंच होतं. लग्नात, बारशात, ऑफिसच्या पार्टीत, गेली चार वर्षं मी तेच ठोकून देत आले होते. आवाजसुद्धा माझाच काढला होता तिनं.

साताऱ्यात कंदी पेढे घ्या, घेतल्याशिवाय पुढे जाणं पाप आहे. मी ते अक्कासाठी घेतले आणि डिकीत ठेवले, म्हणजे हाताशी नकोत. हायवे सोडून कोरेगावकडे वळलो, कारण मला तिथला घेवडा, म्हणजे राजमा, हवा होता. बाजाराच्या कडेला एक म्हातारे चाचा पोती मांडून बसले होते. किती देऊ असं विचारायच्या आधी त्यांनी जुन्या माणसांसारखं विचारलं, “घरात खानारी किती?”

मी सांगितलं, तीन.

“एकच,” सानिका शांतपणे म्हणाली. “बाबा.”

चाचांना ती थट्टा वाटली. हसत हसत त्यांनी दोन किलो तोलला आणि वर मूठभर घातला. मीही हसले. काय करणार दुसरं?

कोरेगावहून रहिमतपूर, पुसेसावळी, कडेगाव करत पलूसला जाता येतं. रस्ता बरा आहे, पण या दिवसांत ऊसवाहतूक असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की ओव्हरटेकची घाई करू नका. वाटेत धाबे आहेत, थाळी दीडशेच्या आसपास. ती कशी असते ते सांगू शकत नाही, कारण आम्ही एकच मागवली आणि दोघींनी मिळून काकडी संपवली. चारशे शब्दांत चार वेळा खाण्याचं नाव काढणारी मी, प्रवासात खाल्लं काय तर काकडी. अशा बाईच्या ब्लॉगवर विश्वास ठेवू नये.

दुपारी पोचलो. अक्कानं उंबऱ्याबाहेर उभं करून आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. मग मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून म्हणाली, “तब्येत केलीस गं. बरं वाटलं बघून.”

मी या भागातच वाढले. ‘तब्येत केली’ म्हणजे अंगानं भरली, सुखात आहे, हे मला कुणी शिकवायला नको. तरी माझं पोट आपोआप आत ओढलं गेलं आणि चेहरा पडला. सानिका माझ्याकडेच बघत होती. मग अक्का तिच्याकडे वळली. तिच्या दंडाला हात लावला आणि तो तसाच धरून ठेवला.

“आन् ही पोर किती वाळली गं.”

सानिका हसली. किती तरी दिवसांनी मनापासून हसली. “थँक यू, मावशी,” म्हणाली.

अक्काला वाटलं, पोरीला ऐकू नीट गेलं नसावं. दाजी निवृत्त सुभेदार, कडक माणूस, पण तेही मान खाली घालून चपला नीट लावू लागले. मला मात्र लाजेनं धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

संध्याकाळी चुलीपाशी अक्कानं विषय काढलाच. भाकरी थापता थापता म्हणाली, “वाळली म्हनलं तर पोर हसली. तुमच्यात वाळल्यालं चांगलं मानत्यात व्हय?”

शहरात तसंच असतं, असं मी म्हटलं. हे खोटं होतं. शहराचा काय संबंध? आमच्या घरात तसं होतं, आणि ते मी आणलं होतं. शेजारीण ‘वाळलीस गं’ म्हणाली त्या दिवशी मी घरात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. दहावीच्या सुट्टीत सानिका आजारातून उठली, तेव्हा तिला आरशासमोर उभं करून ‘बघ, कशी छान बारीक झालीस’ असं मीच म्हणाले होते. तापातून उठलेल्या लेकराला! नंतर तिनं भात सोडला, तेव्हा ‘शिस्त आहे बाई हिच्यात’ असं मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत फिरले.

दुसऱ्या दिवशी दाजींनी द्राक्षबाग दाखवली. या दिवसांत जाणार असाल तर ओळखीनं जा, बागेत परक्याला सहसा सोडत नाहीत. दाजी सांगत होते, की वेलीवर घड कमी ठेवायचे, पण जे ठेवले त्यांना पोसायला कसर करायची नाही. सानिकानं तीन मणी खाल्ले. मी मोजले. आणि आपण मोजतोय हे तिला दिसलं, हेही मला दिसलं.

जेवताना अक्काची रीत अशी, की नको म्हटलं की दोन भाकरी वाढायच्या. वांग्याचं भरीत, खर्डा, दही, पावट्याची आमटी, गरम भाकरी. सानिकानं अर्धी भाकरी आमटीत कुस्करून ताटभर पसरली आणि तशीच ठेवली. मी चिडले. मावशी एवढी राबते, जरा तरी किंमत ठेव, असं चारचौघांत बोलले.

तिनं माझ्या ताटाकडे बोट केलं. त्यात चतकोर भाकरी होती. तूप मी भाकरीवरून पुसून कडेला सारलं होतं.

“तू जेव ना आधी,” ती म्हणाली.

अक्कानं पुढची भाकरी कुणाच्याच ताटात टाकली नाही. दुरडीत परत ठेवली. एवढ्या वर्षांत मी तिला वाढायला घेतलेली भाकरी मागे घेताना पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. कृष्णेच्या घाटावर बसलो, भडंग घेतलं. ते खरंच घ्या, लसणाचं चांगलं असतं. सानिकानं पुडा हुंगून मला परत दिला. मी त्यातलं मूठभर खाल्लं आणि पुढचा अर्धा तास मनात कॅलरींचे आकडेच जुळवत बसले. नदीला पाणी होतं की नाही, आठवत नाही. पोरीला बरं करायला निघालेली मी, मलाच धड खाता येत नव्हतं. चौथ्या दिवशी कऱ्हाडहून हायवेनं पुण्याला परत आलो.

समुपदेशकाकडे आता आम्ही दोघी जातो. वेळ तिची घेतली होती, पण पहिल्याच दिवशी बाईंनी मलाही बसवून घेतलं. चार दिवसांत काही सुधारलं असं वाटून कुणी पलूसला जाऊ नये. सानिका अजून नीट जेवत नाही. अक्काच्या हाताला गुण नाही असं नाही, पण चार वर्षं मी रोज शिकवलेलं तिनं चार दिवसांत कसं पुसावं?

परवाच्या रविवारी मी वरण-भात केला, तूप घातलं आणि सानिकासमोर बसून ताट पूर्ण संपवलं. ती बघत होती. तिच्या ताटातला भात गार झाला होता.

“आई,” तिनं विचारलं, “आता तू बाथरूममध्ये नळ सोडून रडणार का?”

नळाच्या आवाजात काही ऐकू जात नाही अशी माझी समजूत होती. मी नाही म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

तिनं घास घेतला. मग दुसरा. पाच-सहा घास खाल्ले असतील, यावेळी मी मोजले नाहीत. ताटाकडे ती बघतच नव्हती, सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं होईपर्यंत मी चेहरा सरळ ठेवून तिथेच बसून राहिले.