ठाण्यातला पिंजारी

तुम्ही परक्या मुलखात राहता, म्हणून या माणसाची गोष्ट सांगून ठेवते. कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मी लहान होते. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या दारासमोर पोलीस ठाणं होतं. तिथे निजामाच्या मुलखातून आलेला एक पिंजारी कोंडला होता. त्याला ओळखणारं गावात कुणी नव्हतं, एवढंच कारण.

पिंजारी गल्लीत आला की कापूस पिंजायच्या कमानीची तांत, म्हणजे ताणलेली दोरी, छेडून वर्दी देतो. याची कमान याच्याजवळच राहू दिली होती; हा ती गजांआडून रोज छेडायचा.

"गप बस! तुले शिक्षा थोडीच झाली? चौकशी चालू हाये," ठाण्याचा जमादार ओरडायचा.

"चौकशी हाये, त दाराले कुलूप काहून, जमादारसाब?"

तांत ऐकून बायका जुन्या गाद्या घेऊन ठाण्यात येऊ लागल्या. हात गुंतले तर तोंड बंद राहील, म्हणून जमादारानं पिंजू दिलं. पण उडालेला कापूस जमादाराच्याच नाकात गेला. शेवटी शिंकत शिंकत त्यानं कुलूप काढलं.

"जाय बाबा!"

पिंजारी हलला नाही. "माहा गुन्हा काय होता, ते या बायांसमोर सांगा."

"काहीच नव्हता," जमादार पुटपुटला.

"जोरानं बोला."

जमादार जोरानं बोलला, तेव्हाच पिंजारी उठला आणि तांत छेडत बाहेर पडला.