सरळ केलेलं हृदय

ओळंबे हे त्यांचं आडनाव नव्हतं. भिंत सरळ उभी राहतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. वैद्यकीय कॉलेजात कुणीतरी ते नाव त्यांना चिकटवलं. ते इतकं घट्ट बसलं की नवे विद्यार्थी अर्जावर 'माननीय ओळंबेसाहेब' असं लिहायचे, आणि काका त्यावर सही करायचे.

काकांची खोली तळमजल्यावर होती. चौतीस वर्षं ते तिथे माणसांच्या अवयवांचे काप काढत होते. अवयवाचा छोटा तुकडा मेणात बसवायचा. मेणाची वडी यंत्राला लावायची. चाक फिरवायचं, की पात्याखालून काप निघतो, केसाहून कितीतरी पातळ. तो काचेवर घेऊन रंगवायचा आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे पाठवायचा. काप तुटू नये म्हणून काका चाक फिरवण्याआधी वडीवर तोंडाची वाफ सोडायचे. हाः. विद्यार्थी म्हणायचे, काका वडीच्या कानात काहीतरी सांगतात. मग ती ऐकते.

वाकडं काही त्यांना बघवत नसे. दारातल्या चपला, न्हाव्याकडचा आरसा, बँकेतलं साखळीला बांधलेलं पेन. एकदा ते एका घरी सांत्वनाला गेले होते. सगळे खाली मान घालून बसले होते. काका उठले, गेलेल्या गृहस्थांची तसबीर दोन बोटांनी जरा डावीकडे केली आणि म्हणाले, "आता बरोबर आहे." विधवा बाईंना हुंदका आवरेना. काकांना वाटलं, आपल्या शब्दांनी धीर आला.

दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. चौतीस वर्षांत ओळंब्यांच्या हातून एकही तुकडा वाया गेला नाही, असं विभागप्रमुख सर निरोपाच्या भाषणात म्हणणार होते. सरांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. काकांनी ते वाक्य बायकोला चारदा ऐकवलं होतं.

आणि नेमकं तेव्हा छोट्या डॉक्टरचं हृदय अडलं.

छोटी डॉक्टर म्हणजे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. ती हृदयावर काम करत होती. एका माणसाने मरणोत्तर ते अभ्यासासाठी दिलं होतं. त्याला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. जखम भरली, वण राहिला. काही वर्षं बरी गेली. मग एक दिवस अचानक हृदयाचा ताल बिघडला आणि तो गेला. तो ताल का बिघडला, हे तिला तेच हृदय कॉम्प्युटरवर तयार करून बघायचं होतं. तिने हृदयाची भिंत थराथराने सोलली, अठ्ठेचाळीस तुकडे केले. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कडेला हिरव्या शाईचा ठिपका दिला. प्रत्येकाचा अर्धा भाग बरणीत ठेवला, अर्धा काकांकडे दिला.

काकांनी काचा अशा करून दिल्या की सर म्हणाले, "भिंतीवर लावाव्यात."

त्या काचांवरून कॉम्प्युटरमधलं हृदय उभं राहिलं. आणि ते बिघडेचना. छोट्या डॉक्टरने त्याला नाना तऱ्हेने डिवचलं. ते आपलं ठक ठक चालत राहिलं.

"हे अजून शंभर वर्षं चालेल," सर म्हणाले. "फक्त याचा मालक गेलाय, तेवढं सोडलं तर छान आहे. पाच आठवड्यांत प्रबंध द्यायचा आहे. जमत नसेल तर विषय सोड."

विषय सोडायचा म्हणजे तीन वर्षं पाण्यात. ती खाली येऊन काकांच्या स्टुलावर बसली. समोरच्या चहावर साय धरली.

"नेमकं अडलंय कुठे?" काकांनी विचारलं.

"सांगून नाही कळणार. चला."

शेजारचा वर्ग रिकामा होता. एकामागे एक लांब बाकं.

"काका, तुम्ही आता वीज."

"मी?"

"हृदयात वीज फिरते, म्हणून ठोका पडतो. ही बाकं म्हणजे स्नायूंचे तंतू. त्या टोकापर्यंत जा."

काका दोन बाकांच्या मधून झपाझप गेले.

"चार सेकंद. आता मागच्या भिंतीकडे. मधे वाट नाही. बाकांवरून."

"चढून? या वयात?"

"विजेला वय नसतं."

काकांनी बूट काढले. ते एकाशेजारी एक ठेवले. पाच बाकं ओलांडली. तिसऱ्यावर पँट खिळ्याला अडकली. भिंतीला हात लावून ते धापा टाकत उभे राहिले.

"चौदा. बघा, वीज तंतूंच्या बाजूने पळते, आडवी जाताना रखडते. म्हणून तंतू कुठल्या दिशेने आहेत त्यावर सगळं." ती एकेक बाक ओढू लागली. "बाहेरच्या थरात ते असे तिरके. मधल्यात आडवे. आतल्यात उलटे तिरके. म्हणून तर हृदय ओल्या कपड्यासारखं पिळलं जातं." कोपऱ्यातली चार बाकं तिने एकमेकांत कशीही घुसवली. "आणि हा वण. इथे धड तंतू आहेत, मेलेले आहेत, वाटा अर्ध्यावर बंद. वीज इथून रेंगाळत बाहेर पडते. तोवर बाकीचं हृदय पुढच्या ठोक्याला तयार झालेलं असतं. मग ती पुन्हा तिथूनच फिरते. गोल, गोल. थांबतच नाही. ताल गेला. काका, काय करताय?"

काका बाक सरळ करत होते.

"वाकडं दिसतंय."

"वाकडंच हवंय. राहू द्या. तुमच्या काचांवर वाकडं असतं तर मी रडत बसले असते का? सगळे थर एकाच दिशेने, आगपेटीतल्या काड्यांसारखे. इतके सरळ तंतू मी पुस्तकातसुद्धा पाहिलेले नाहीत."

काकांचा हात बाकावर तसाच राहिला.

तुकडा मेणात बसवताना तंतू तिरके दिसले की काका चिमट्याने तुकडा हळूच फिरवत. काचेच्या लांब कडेला तंतू समांतर आले की डोळ्यांना बरं वाटे. पण मग हिरवा ठिपका भलत्याच बाजूला जाई. ते वाईट दिसे. म्हणून काका पात्याने तेवढा ठिपका तासून काढत आणि वरच्या कडेला, अगदी मधोमध, नवा देत. अठ्ठेचाळीस वेळा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघितलंही नव्हतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले, आणि बूट उलटसुलट घालून निघाले.

घरी बायको शर्टाला बटण लावत होती. काकांनी तिला सगळं सांगितलं.

"मग उद्या सांगा तिला."

"अगं, दोन महिने राहिलेत. चौतीस वर्षांत एक तुकडा..."

"ते वाक्य मला पाठ आहे. आणि त्या पोरीची तीन वर्षं?"

"कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मग जेवला का नाहीत?" बायकोने दोरा दातांनी तोडला. "अहो, तुमच्या या सवयीने पहिल्यांदाच कुणाला त्रास झाला असं वाटतंय ना तुम्हाला? मी पाटावरवंटा आहे का? मला कधी विचारलंत?"

काका बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. हे त्यांना खरंच नवीन होतं.

सकाळी छोट्या डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही माझा ठिपका तासलात?"

"वाईट दिसत होता."

"आणि नवा दिलात."

"मधोमध."

ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिने टेबलावरची फाइल त्यांच्या दिशेने भिरकावली. ती काकांना लागली नाही. खाली पडली आणि काकांनी ती उचलली.

"बरणीतले अर्धे तुकडे आहेत," ते म्हणाले. "तुझे ठिपके त्यांवर तसेच आहेत. तीन आठवडे दे."

काम त्यांना वाटलं त्याहून अवघड निघालं. ठिपका वर ठेवला की तंतू तिरके. काकांचा चिमटा आपोआप फिरे. ते मागे घेत, तो पुन्हा फिरे. पहिल्या दिवशी एकही वडी झाली नाही. छोट्या डॉक्टरने स्वतः करून पाहिलं, तर काप पात्यावर चुरगळले.

दुसऱ्या दिवशी काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय तंतू दिसत नव्हते. हिरवा डाग तेवढा दिसत होता. तो वर ठेवायचा, मेण ओतायचं, मेण गोठलं की चष्मा लावायचा. मग वडीवर हाः करायचं आणि चाक फिरवायचं. काचेवर आलेला काप तिरका असे. काका तोंड फिरवून तो रंगात बुडवत. स्नायू लाल होई, वण निळा. एकेका तुकड्यात निळे फाटे लालात कुठेही शिरलेले दिसत.

"किती घाण दिसतंय," काका म्हणायचे.

"किती सुंदर," छोटी डॉक्टर म्हणायची.

विसाव्या दिवशी तिने काकांच्या खोलीतच कॉम्प्युटर आणून सुरू केला. सर मागे उभे होते. पडद्यावर हृदय होतं. पिवळी लाट वरून निघाली, खाली पसरली, विझली. पुन्हा निघाली. मग तिने एक ठोका जरासा आधी दिला. लाट वणाशी आली आणि अडखळली. एक बारीक फाटा आत शिरला, रेंगाळला, पलीकडून बाहेर आला. आणि मागे वळला. वणाभोवती गोल फिरला, पुन्हा आत गेला. हृदय थरथरू लागलं.

"बिघडलं!" छोटी डॉक्टर ओरडली आणि तिने काकांच्या दंडाला गच्च धरलं. "काका, बिघडलं."

काका पडद्याकडे बघत होते.

"त्यांना असंच झालं असेल?"

"बहुतेक असंच."

काका स्टुलावर बसले. त्यांना त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं. त्याचे अठ्ठेचाळीस तुकडे त्यांनी दोनदा हाताळले होते.

"मग आधी काय चुकलं होतं?" सरांनी विचारलं.

छोटी डॉक्टर म्हणाली, "माझीच काहीतरी नोंद..."

"सर, मी तंतू सरळ केले होते," काका म्हणाले. "ठिपकेही हलवले."

सरांनी ते समजून घेतलं. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. ती रागाची नव्हती.

"फक्त हिच्या तुकड्यांचे?"

"नाही सर. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"चौतीस वर्षं."

सर हळूच दुसऱ्या स्टुलावर बसले. "माझा प्रबंध तुमच्या काचांवर होता."

"हो सर. अठ्ठावीस वर्षं झाली."

"त्यात मी लिहिलंय, हृदयाच्या या भागातले तंतू आश्चर्य वाटावं इतके समांतर असतात."

"वाचलंय सर. बरं वाटलं होतं."

"ते पाठ्यपुस्तकात आलंय. चौथ्या आवृत्तीपासून."

पडद्यावर लाट गोल फिरत होती. छोटी डॉक्टर जमिनीकडे बघत होती, कारण वर बघितलं असतं तर तिला हसू फुटलं असतं.

"माझ्या प्रबंधातल्या त्या हृदयाचं काही उरलंय?" सरांनी अखेर विचारलं.

"दोन बरण्या. वरच्या फळीवर. पण सर, धूळ..."

सर उठले. त्यांनी स्टूल कपाटापाशी ओढलं आणि स्वतः वर चढले. छोट्या डॉक्टरने स्टूल धरलं.

"ठिपका हिरवाच होता का हो तेव्हा?" वरून आवाज आला.

"लाल शाई होती, सर. बरणीतल्या तुकड्यांना मी हात लावलेला नाही."

बरणी खाली आली. सरांनी बाहीने तिच्यावरची धूळ पुसली, झाकण फिरवलं, आणि तिघेही आत वाकून बघू लागले.