खंडेनवमीला निजवलेले दहा संगणक

गणिताच्या शिक्षकाने संगणकखोलीची किल्ली स्वीकारू नये. मी स्वीकारली. कवठे महांकाळ तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेचे दहा संगणक तेव्हा असे थकले होते की, ते सुरू होईपर्यंत हजेरी घेऊन होई. त्यांच्यात कोणीतरी फुकट मिळवून घातलेली चोरीची प्रणाली होती आणि तिच्यासोबत आलेले विषाणू होते. उभयतांचा संसार सुखाने चालला होता. मी तो मोडला आणि दहाही यंत्रांत लिनक्स घातले. लिनक्स ही प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी. चोरीची संधीच त्यात उरत नाही. काही सहकाऱ्यांना याचे खरोखर वाईट वाटले.

सांगलीला घरीही मी तेच घातले होते. पत्नी त्यावर शिकवणीच्या प्रश्नपत्रिका तयार करी. नवी आवृत्ती आली की मी तिच्या खुर्चीमागे उभा राही.

"हात लावू नका," ती मागे न पाहता म्हणे. "चालतंय ते तुम्हाला बघवत नाही."

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव येणार होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितले, "सर, त्यांना ती खोली पोषण आहाराच्या तांदळासाठी हवी आहे. दहाच्या दहा चालू दिसले तर खोली तुमची. एक जरी बंद दिसला, तर संगणक भंगारात आणि पोती आत."

दहा चालू संगणकांवर शहाण्या माणसाने समाधान मानले असते. मला ते अद्ययावतही दाखवायचे होते. एक उदाहरण फळ्यावर सोडवावे, मगच उदाहरणसंग्रहाला हात घालावा, हे मी वर्गात इतक्यांदा सांगितले आहे की मुले माझ्या आधी वाक्य पुरे करतात. खंडेनवमीच्या सकाळी मी दहाही यंत्रांत नवी आवृत्ती घालणे एकदम सुरू केले आणि दहावीच्या तासाला गेलो. ती बसत असताना वीज तुटली, तर यंत्र पुन्हा उठेलच असे नसते.

परतलो तेव्हा खोलीत कापराचा वास होता. प्रत्येक पडद्यावर झेंडूची माळ, मधोमध कुंकवाचा टिळा, आणि सगळे पडदे काळे. शाळेचे शिपाईमामा शेवटच्या यंत्रापुढे हात जोडून उभे होते.

"मामा, वीज गेली का?"

"न्हाई सर. बटण म्या बंद केलं. आज हत्याराला इश्रांती. खडूफळ्याची पूजा झाली, घंटेची झाली, ही का उपाशी ऱ्हात्यात?"

"अहो, 'संगणक बंद करू नका' असे पडद्यावर लिहिले होते! मराठीत!"

"त्येच्यावरच टिळा आला वाटतं. आन् हे बगा," त्यांनी मुख्य बटणावरच्या पाटीकडे बोट दाखवले, "'खोली सोडताना बटण बंद करावे.' अक्षर तुमचंच हाय न्हवं?"

अक्षर माझेच होते. रेखीव होते.

मी बटणाकडे हात नेला. मामा आडवे आले. "आवं सर, पूजलेलं हत्यार उद्या उचलायचं. इंग्लिशचे सर बी आज खडू धरंनात." त्या दिवशी मी स्वतःच्याच पाटीने हरलो.

घरी गेलो. पत्नीने पाणी देतानाच विचारले, "किती मोडले?" मी आकडा सांगितला. तिने संगणकापुढची आपली खुर्ची मला दिली. तिच्या जुन्या, नव्या आवृत्तीपासून वाचलेल्या संगणकावर मी लिनक्स पहिल्यापासून घालण्याचा पेनड्राइव्ह तयार केला. "माझ्यात काही बदलू नका," ती स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाली.

दसऱ्याला शाळा बंद होती, पण मामा अंघोळ करून आले. माळा काढल्या, पाणी शिंपडायला निघाले, ते मात्र मी अडवले. मग एकेक यंत्र सुरू केले. अर्धवट राहिलेले काम पुरे करण्याची एक आज्ञा लिनक्समध्ये असते. ती दिली आणि सात यंत्रे मुकाट्याने उभी राहिली. उरलेल्या तिघांना पेनड्राइव्हने नवा जन्म दिला. या वेळी एकेक करून. मामा प्रत्येकाला विचारत, "उठला का?" आणि उठला की माझ्याऐवजी यंत्राला नमस्कार करत.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी दहा पडदे मोजले. एकावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हा लाल डाग कसला?"

"खंडेनवमीचं कुंकू, साहेब," मामा म्हणाले. "पुसायचं ऱ्हायलं."

सचिवांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि बाईंना सांगितले, "तांदूळ जिन्याखाली ठेवा."

पाटी मी त्याच संध्याकाळी बदलली. आता तिच्यावर तीन ओळी आहेत; शेवटची, 'पडद्यावर काम चालू असल्यास बटणाला हात लावू नये.' नवरात्र जवळ आले की मामा विचारतात, "सर, आत काय शिजतंय का?" आणि टिळा पडद्याच्या मागच्या बाजूला लावतात.

घरच्या संगणकावर अजून जुनीच आवृत्ती आहे.