गळती बुजवणारे बाबा

परसातलं तळं गळायला लागलं तेव्हा मला बरंच वाटलं, खरं सांगते, पोर नुकतं रांगायला लागलेलं आणि माझा जीव सारखा त्या पाण्याकडे. पण म्हशींसाठी सासऱ्यांनी त्या बाबांना बोलावलंच. गावातल्या सगळ्या तळ्यांची गळती तेच बुजवतात. ओली माती जिभेवर ठेवतात, थुंकतात आणि पळून चाललेल्या पाण्यालाच विचारतात, "कोठे पळी ऱ्हायनं रे तू?"

खेकड्याचं बीळ सापडलं, चिकणमाती तुडवून बुजवलं. मग माझ्या कडेवरच्या पोराकडे बघून म्हणाले, "रांगस का?"

"हा, बाबा."

त्यांनी बोरीच्या काट्या ओढत आणल्या, तळ्याभोवती कुंपण घातलं.

सासरे ओरडले, "म्हशी पानी कशा पितीन?"

"बादलीमा."

बादल्या मलाच ओढायच्या होत्या. पण कितीतरी दिवसांनी मी पोराला खाली सोडलं.